मंजूचा अर्धा देवमासा

१२ जून ९९
मंजूचं वर्षश्राद्ध परवा झालं. आज तिचं कपाट उघडलं. ड्रेसच्या घड्यांखाली पिशवीत निळा देवमासा, लोकरीचा. डोकं झालेलं, पोट झालेलं, शेपटीशी थांबलेला. क्रोशाची सुई टाक्यातच. इरा पोटात असताना करायला घेतला होता. मग बाळ, मग ऑफिस, मग ती कावीळ. लेकीचं काम असं हातात घ्यायचं म्हणजे... जेवण गेलं नाही.

१५ जून
शिरीष येऊन गेला. जावई म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. अमेरिकेचं काम पक्कं झालंय, ते दोन हजार सालचं कॉम्प्युटरचं लफडं निस्तरायचं. जुलैअखेर निघणार. इराला घेऊन.
"तिथे ताई आहे ना माझी. इरा एकटी नाही पडणार, आई."
हे उठून आत गेले. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा ह्यांनीच हात जोडून सांगितलं होतं, "मंजू, इरा आमच्याजवळच राहील." लगेच शिवला.

१८ जून
देवमासा पुरा करून इराबरोबर द्यायचा. आईच्या हातचं काहीतरी पोरीजवळ असू दे.
बसले आणि अडले. मंजू डावखुरी. माझ्यासमोर बसून क्रोशा शिकली, आरशात बघून शिकावं तशी. तिचे टाके उलट्या दिशेने फिरतात. मी उजव्या हाताने पुढे नेलं की जोड लगेच दिसतो. चार ओळी विणल्या, उसवल्या. चिडचिड नुसती.

२३ जून
दुपारी चष्म्यासकट डुलकी लागली. जाग आली तर मांडीवरच्या देवमाशाला दोन ओळी जास्त. मंजूच्या बाजूला झुकलेल्या. टाकेही तिच्यासारखे, सुई शिरणार नाही इतके घट्ट.
ह्यांना दाखवलं.
"झोपेत केलं असशील. जागेपणी तरी कुठे शुद्धीवर असतेस?"
मला डाव्या हाताने कुंकू लावता येत नाही.

२९ जून
आज पुन्हा. इरा शेजारीच भातुकली मांडून बसली होती. विचारलं, कोण आलं होतं गं?
"कोणी नाही."
मग म्हणाली, "आजी, तू त्या हाताने करत होतीस." माझा डावा हात दाखवला.
भीती वाटली. खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं.

६ जुलै
शेपटी तेवढी राहिली. आत भरायला मंजूच्या उशीतला कापूस काढला. खोबरेलाचा वास अजून आहे. पुढे हात होईना. पुरा झाला की ती कशाला येईल? आणि नाही झाला तर पोरगी रिकाम्या हाताने जाणार.
ह्यांना म्हटलं, शब्द मोडतोय आपण, म्हणून येत असेल का?
म्हणाले, "मग माझ्याकडे का येत नाही? शब्द मी दिला होता."

३० जुलै
गेले. टॅक्सी दारात, मुंबईपर्यंतची. शेपटी अर्धीच. सुईवर टाका तसाच ठेवून लोकरीच्या गुंड्यासकट इराच्या पिशवीत घातला.
शिरीष म्हणाला, "आई, हे पूर्ण कोण करणार? मला शर्टाचं बटण लावता येत नाही."
"असू दे. सुई मात्र काढू नकोस."
निघताना इराच्या हातावर दही घातलं. तिने डावा पुढे केला होता. दटावणार होते, राहू दिलं.

८ ऑगस्ट
दुपारी खुर्चीत बसते. मांडी रिकामी. डुलकी लागते, नुसतीच. घर खायला उठतं. विश्रांतवाडीला नावाप्रमाणे विश्रांतीच आहे आता, असं हे म्हणाले. हसू आलं नाही दोघांनाही.

१७ ऑगस्ट
शिरीषचा फोन. इरा बरी आहे, खाते-पिते. ठेवता ठेवता म्हणाला, "आई, त्या माशाची शेपटी पूर्ण झालीय. ताई केली नाही म्हणते. चेष्टा करत असेल."
विचारलं, टाके कुठल्या बाजूला झुकलेत?
"ते मला काय कळणार?"
फोन तुटला. ताईला विणता येतं का, विचारायचं राहिलंच.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे पोरीजवळ आहे तर ती." आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा.
मला आनंद व्हायला हवा. होतोय. पण माझ्याकडे आता कोण येणार?
उद्या निळी लोकर आणते. नवा सुरू करते. डाव्या हाताने.