पाच नंबरची ऊब

हॅलिफॅक्स,
मंगळवार, दुपारच्या चहानंतर

ती. विनिफ्रेडताईंना,

सिरिलचा सादर नमस्कार. (दंडवतच घातला असता, पण गेले काही दिवस मी तसाही रेडिएटरखाली पालथा पडलेलो आहे. वेगळा घालायला अंग शिल्लक नाही.) आपला गुडघा कसा आहे? व्हिटबीच्या खाऱ्या वाऱ्यात कुरकुरत असेल, तर त्याला माझ्या कमरेची हकीकत ऐकवा, लाजून गप्प बसेल. मांजर बरं? आणि एनिड?

माझी बायको माझ्यावर रुसून आपल्याकडे आली आहे, म्हणजे तिने सगळं सांगितलं असणारच, आणि ते खरंच आहे. नोव्हेंबर लागेपर्यंत बॉयलरला हात लावायचा नाही, थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर चढवायचा, हा आम्हा हेपवर्थांचा नेम. वडिलांनी पाळला, आजोबांनी पाळला (आजोबांकडे बॉयलरच नव्हता, पण ते सोडा). एनिडने मात्र यंदा ऑक्टोबरातच स्वेटर माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाली, "तू आणि तुझी लोकर सुखाने नांदा!" आता शनिवारी ती येणार ती नुसती घर बघायला. गार लागलं तर आल्या पावली परत तुमच्याकडे. म्हणजे शनिवारपर्यंत घर तापवायचं, नाहीतर जन्मभर स्वतःच्या हातचं खायचं. माझ्या हातचं आपण एकदा खाल्लं आहे.

तेव्हा मी तोड काढली. खोली पुरेशी तापली की रेडिएटरमध्ये येणारं बॉयलरचं गरम पाणी आपणहून बंद करणारे व्हॉल्व्ह मिळतात, त्यांच्या टोपीवर एक ते पाच आकडे असतात, आकडा मोठा तितकी ऊब जास्त. वर निजायच्या खोलीत एनिडच्या मर्जीचा पाच, खाली माझ्या मर्जीचा दोन, मिटलं भांडण! प्लंबर बोलवायचा विचार मनात आला आणि लगेच गेला. यॉर्कशरचा माणूस, घरात पाना असताना, दुसऱ्याला पाना फिरवायला बोलावणार? छे!

प्रथम सगळं पाणी नळीने परसात सोडलं. नळी थांबली, म्हणजे घर कोरडं, असा मी अर्थ लावला. वर जाऊन रेडिएटरचा जुना व्हॉल्व्ह सोडवला, तर खाली ठेवलेल्या वाडग्यात दोन थेंब पडले. (वाडगा एनिडचा पाहुण्यांसाठीचा काचेचा, तिला बोलू नका.) वा रे सिरिल, म्हणत मी रेडिएटरच्या डोक्यावरचा हवा सोडायचा स्क्रू सहज फिरवला. ताई, वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी पडत नाही, हे मला आता पाठ झालं आहे. कित्येक वर्षांचं शाईसारखं काळं पाणी एकदम बाहेर आलं, वाडगा भरला, मग माझ्या चपला भरल्या. मी भोकावर अंगठा दाबून बसलो आणि मदतीसाठी एनिडला हाका मारल्या. ती व्हिटबीत आहे हे चौथ्या हाकेला आठवलं.

असो. व्हॉल्व्ह बसले, बॉयलर पेटला, मी आनंदाने जिन्यावर नाचलो. तेवढ्यात भिंत ठोकायला लागली. धाड, धाड, धाड! मला वाटलं, शेजारच्या क्रॉस्लीबाईंना माझा नाच खुपला. मी थांबलो, ठोकणं थांबेना. मग मीही बुटाने भिंतीवर दोन ठेवून दिल्या. पलीकडून तीन आल्या. मी पाच दिल्या. शेवटी आल्याचा केक घेऊन बाई दारात उभ्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "सिरिल, अरे बायका जातात, परतही येतात. पण म्हणून असं भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं का रे?"

ठोके रेडिएटरचे होते. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो पाण्याची दिशा दाखवतो. मी समजलो, वरची बाजू दाखवतो. पुन्हा सगळं पाणी सोडलं, व्हॉल्व्ह उलटा केला. आता घर अगदी गप्प आहे. एनिडला एवढंच सांगा, की सिरिलने काम फक्कड केलं.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
सिरिल हेपवर्थ

ता. क. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपण दिलेला, निजायच्या खोलीतला तो मलईच्या रंगाचा गालिचा कुठल्या दुकानातला हो? सहज विचारतो. अजून तसाच मिळतो का? तूर्त त्याच्या मध्यावर मी कपाट सरकवलं आहे. खोलीत शिरायला कपाटाला वळसा घालावा लागतो, पण दिसतं छान.

दुसरा ता. क. गालिचा यायला वेळ लागणार असेल, तर एनिडला पुढच्या आठवड्यापर्यंत अडकवून ठेवा. गुडघा दुखतोय म्हणा. तिच्यासमोर जरा लंगडून दाखवा. हेच मागायला पत्र लिहिलं, बाकी सगळी प्रस्तावना.

तिसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी वर जाऊन आलो. पाच नंबरवर खोली अशी तापली आहे, की मी स्वेटर काढला, आतला दुसराही काढला, आणि पलंगाच्या माझ्या बाजूला बसून राहिलो. "आता कसं वाटतं?" म्हणून टोमणा मारायला कोणी नाही. एवढी ऊब एकट्याला खायला उठते हो, ताई. लंगडू नका. शनिवारची वाटही बघू नका, पत्र मिळताच तिला गाडीत बसवा. गालिचा बघितला की ती मला घराबाहेर काढणार, हे नक्की. पण बाहेर काढायला तरी ती घरात यायला हवी ना!