राजारामबद्दल मी लिहून दिलं ते

मुलुंड, गुरुवार

प्रिय संघमित्रा,

सप्रेम जयभीम. काल मी खारदांड्याला जाऊन आलो. तुझ्या आईला बँकेत जातो म्हणून सांगितलं. तिथे रत्नप्रभा नावाच्या एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या, सत्तरीतल्या. त्यांचं नाव मी घरात कधी काढलं नाही.

मुंबईजवळ समुद्रात तेल लागलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी तिथल्या प्लॅटफॉर्मवर रोजंदारीवर लागलो. आमच्या विहिरीतून पहिल्यांदा तेल वर आलं तेव्हा आम्ही ते गालांना कसं फासलं, वास चार दिवस कसा गेला नाही, हे तू लहानपणी शंभरदा ऐकलंयस. त्या गोष्टीत खारदांड्याचा एक कोळी असायचा, राजाराम. ते काका आता कुठे असतात, असं तू विचारायचीस, आणि मी म्हणायचो, नोकरी सोडून गेले. ते खोटं होतं गं. तो माझ्या डोळ्यांदेखत गेला.

आम्हा दोघांना खालच्या मजल्यावर गंज खरवडायला पाठवलं होतं. कठड्याचा एक भाग हलत होता, ते राजारामनेच मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. पण उत्पादन सुरू करायची तारीख ठरली होती, काम थांबणार नव्हतं. सुरक्षेचा पट्टा दोघांत एकच. बाकीचे पट्टे किनाऱ्यावरून यायचे होते. राजारामने तो माझ्या कमरेला बांधला. म्हणाला, "तू घाल. तुझ्या गावात नदीलाही पाणी नसतं. मी पडलो तर पोहेन." दुपारी कठडा सुटला. पडताना त्याचं डोकं खालच्या पाइपावर आपटलं. पोहायला माणूस शुद्धीवर तर हवा ना. मी पट्ट्याला लटकून ओरडत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

मग मला किनाऱ्यावरच्या ऑफिसात बोलावलं. साहेबांनी चहा मागवला, कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, राजारामने सुरक्षा पट्टा घातला नव्हता. एवढंच. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच सही करायला सोपं गेलं. महिन्याभरात मला कायम केलं. हे घर, तुझं इंजिनिअरिंग, सगळं त्यानंतरचं. त्याच्या बायकोला, म्हणजे या रत्नप्रभाला, मात्र सांगितलं गेलं की नवरा स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला. त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली नाही. गुडघे चालले तोवर ती बाजारात मासळी विकत राहिली.

काल ती ओटीवर जवळा निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "पट्टा तुला दिला त्याने?" मी हो म्हणालो.  नंतर म्हणाली, "माझी सासू मरेपर्यंत त्याला येडा म्हणायची. तेव्हा का नाय बोललास?" मी म्हणालो, घाबरलो होतो. तिने ना शिव्या दिल्या ना पाणी विचारलं. मी उठलो तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "आता लिहून दे." तिच्या सुनेने वही आणली. मी लिहून दिलं, खाली पूर्ण नाव घातलं. तो कागद ती हवा तिथे दाखवील. मला कोणी बोलावलं तर मी जाईन.

रविवारी तू फोन केलास. तुमच्या प्लॅटफॉर्मवर मेलेल्या त्या कंत्राटी कामगाराच्या चौकशीत तू आहेस, चूक त्याचीच असं लिहून सही करायला तुझ्यावर दबाव आहे, असं म्हणालीस. बाबा, काय करू, असं विचारलंस. आणि मी झटकन म्हणालो, करून टाक सही, नोकरी सांभाळ.  तुला वाटलं असेल, बाबांनी अनुभवातून सांगितलं. हो, अनुभवातूनच सांगितलं, आणि म्हणूनच ते ऐकू नकोस. सही करू नकोस. नोकरी गेली तर इकडे ये, आईला मी स्वतः सगळं सांगतो. आणि त्या मेलेल्या मुलाचं घर कुठे आहे ते शोधून काढ, त्याच्या माणसांना तूच जाऊन भेट. उशीर करू नकोस, पोरी.

तुझाच,
बाबा
(धोंडिराम)