पहिली पंधरा मिनिटं

१२ जून, गुरुवार

चावी मागून नेली! दारातच उभी राहिली. "माझी चाबी दे, तारामती." बस, एवढंच. मी दिली. सात वर्षं खातूनबीची चावी माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. आता खिळा रिकामा.

काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन. खालच्या दोन खोल्या माझ्या, वरच्या दोन तिच्या, त्यावर गच्ची. ती एकटी, मीही एकटी. बकरीदला ती लेकाकडे, वकारकडे नांदेडला गेली. जाताना म्हणाली, नळ आला तर तेवढं भरून ठेव गं. नळ आला नवव्या दिवशी. आता लातुरात नळ आला की बाई आधी काय करते? शिळं पाणी ओतते! तेच केलं मी. आधी माझी भांडी, मग वर जाऊन तिची दोन्ही पिंपं. ओतली, घासली, ताजी भरली. दुखऱ्या गुडघ्याने!

आणि तिचं ओतलं ते पाणी नळाचं नव्हतंच. मे महिन्यातल्या अवकाळीचं, गच्चीवरून धरलेलं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून ती डाळीपुरतं तांब्या-तांब्याने वापरायची.

आली, झाकण उघडलं, म्हणाली, "पावसाचं कुठं हाय?" तिथेच "चुकलं" म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हणाले, "तुमच्या पाण्याला वास येत होता."

येत नव्हता. अजिबात येत नव्हता. आणि मी तिला कधी अहो-जाहो करत नाही. ते "तुमच्या" कुठून आलं कोण जाणे. तिच्या तोंडाकडे बघवेना.

१५ जून, रविवार

बोलणं नाही. वर पावलं वाजतात तेवढीच.

मनिषाचा पुण्याहून फोन. "आई, जेवलीस का?" जेवले. "गोळ्या?" घेतल्या. "बरं, ठेवते." सगळं मिळून एक मिनिट. बाकीच्या दिवसात तोंड उघडलं ते दूधवाल्यासमोर.

२१ जून, शनिवार

पाऊस! चांगला दणकून. आणि माझ्या मोरीतल्या पाईपाला थेंब नाही!

हा पाईप तिनेच बसवून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी मी गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्यात होते. परत येते तो काय, गच्चीवरून तिच्या गॅलरीत आणि तिथून माझ्या मोरीत पाईप! "तुला बी पाहिजे की, डाळ तू बी खातीस." वर कॉक कुठे, कसा, मला काही ठाऊक नाही. गच्चीवर मी त्यानंतर गेलेच नाही. पाऊस आला की वरून हाक यायची — "तारामती, पिंप लाव गं!" मी उठून लावायची. पाणी कधी सुरू होतं हे बघायची वेळच आली नाही.

आज हाक नाही. मी आपली पिंप लावून बसले. पाऊस पाच दहाला सुरू झाला, पाणी आलं पाच पंचवीसला.

आधी स्वतःचं भरून घेते, मग उरलंसुरलं खाली. समजतं मला.

२ जुलै, बुधवार

पुन्हा पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बसले होते.

९ जुलै, बुधवार

सतरा! मुद्दामच. सत्तर वर्षांची बाई आणि हा पोरकटपणा. बत्तीस वर्षं पोरं हाकली मी शाळेत, असले प्रकार मला नवे नाहीत.

वरण मात्र आज लोण्यासारखं झालं. सवयीने दोन वाट्या काढल्या. एक परत पातेल्यात ओतली.

१७ जुलै, गुरुवार

जिन्यात समोरासमोर आलो. ती खोकत होती, ओढणी ओली. भर पावसात ही कुठे हिंडते? विचारावंसं वाटलं. तिने भिंतीकडे सरकून वाट दिली. मीही बाजारात अनोळखी बाई दिसावी तशी गेले.

बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, चुकलं असेल तर चुकलं म्हणा. माझी जीभ वळत नाही. मला लाज वाटते. हे इथे लिहिते, तिथे म्हणता येत नाही.

२८ जुलै, सोमवार

दारात वकारची गाडी. तो तिला हाताला धरून जिना उतरवत होता. मी पडद्याआडून बघितलं. चार दिवस लेकाकडे कोडकौतुक करून घ्यायला चालली, म्हटलं. तिने माझ्या दाराकडे मान वळवली होती. मी पडदा सोडला.

२ ऑगस्ट, शनिवार

पाऊस सुरू झाला आणि लगेच पाणी! दुसऱ्या मिनिटाला! आली म्हणायची वठणीवर. पिंप, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ भरलं. सात आठवड्यांत एवढी खूश झाले नव्हते.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी झाकण काढलं तर — शी! तळाला बोटभर माती, वर कबुतराची पिसं, विष्ठा. वास तर असा की नाकाला पदर लावावा लागला. सगळं वाया.

तणतणत वर गेले. आज सोडायचं नाही तिला! दाराला कुलूप. म्हणजे सोमवारपासून ती आलेलीच नाही. मग पाणी कोणी सोडलं?

गुडघा धरून गच्चीवर चढले. पाईपाला दोन तोंडं, दोन कॉक. एकाने पाणी गटारात जातं, एकाने आमच्या दोघींच्या पिंपांत. हा दुसरा ती गेल्यापासून उघडाच राहिलेला. पाईपाशेजारी प्लास्टिकचं स्टूल. टाकीच्या दांडीला सुतळीने बांधलेली छत्री. स्टुलाखाली काचेचा ग्लास, उपडा.

ग्लास हातात घेतला आणि कळलं सगळं. गच्चीची घाण धुऊन जाईपर्यंत पहिलं पाणी ती गटारात सोडत होती. ग्लासात धरून बघायची. नितळ झालं की मग कॉक फिरवायची. पंधरा मिनिटं. कधी सतरा. या पावसात, त्या स्टुलावर बसून.

माझ्यासाठीसुद्धा. माझ्याशी बोलत नसताना!

स्टुलावर बसून रडले. खाली यायला अर्धा तास लागला.

४ ऑगस्ट, सोमवार

वकारला फोन केला. दवाखान्यात आहे ती. छातीत कफ भरला. "पावसात भिजत व्हत्या, मावशी. किती सांगितलं, ऐकत न्हाईत." मग म्हणाला, "सारखं इचारून राहिल्या, गच्चीवरचा कॉक कोन फिरवून राहिलं म्हणून."

कोणी नाही म्हटलं.

१० ऑगस्ट, रविवार

चार वाजता पाऊस. गच्चीवर गेले. पहिलं सोडलं. छत्री नावालाच, पाठ सगळी भिजते. ग्लास तीनदा भरून बघितला. अठरा मिनिटं लागली — मला अजून सवय नाही.

पाणी गाळलं, उकळलं, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळच्या एसटीने नांदेड. कॅन मांडीवर. वाटभर घोकत होते काय बोलायचं ते. खाटेवर ती एवढीशी दिसत होती. सगळं विसरले. "चुकलं माझं," एवढंच निघालं. "वास येत नव्हता. खोटं बोलले मी."

तिने ग्लासाकडे बोट केलं — गच्चीवरचाच नेला होता मी. भरून दिला. तिने खिडकीकडे धरून बघितला.

"पैलं सोडलंस?"

"सोडलं. अठरा मिनिटं."

मग ग्लास नाकाशी नेला. मी मान खाली घातली.

"वास न्हाई येऊन राहिला," म्हणाली, आणि सगळा ग्लास पिऊन टाकला. निघताना उशीखालून चावी काढून दिली. "भरून ठेव. वतू नको!"

१४ ऑगस्ट, गुरुवार

चावी खिळ्याला. वकारचा फोन — अम्मीला आता जिना चढवायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, वरच्या खोल्या काढून टाकतो. मी म्हटलं, काढू नको. तिला माझ्या खोल्यांत आण, वर मी जाते. फोनवर त्याच्या मागून तिचा आवाज आला, "इचार तिला, गुडघा चढंल का?"

मी म्हटलं, चढंल.