पानिपतावरचे लाकडी नंदी

सप्टेंबर २००७, तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी एक ओळही लिहिली नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं. आता लागलं आहे.

काल बोरगावात आमच्या गल्लीतून पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत गेली आणि मला आंजी गावातली आपली शाळा आठवली. तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना आपापले नंदी आणायला लावायचात आणि मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून पानिपत मांडायचात. मोठे नंदी म्हणजे तोफा, लहान म्हणजे घोडेस्वार. मी धाकट्या भावाचा एका शिंगाचा नंदी घेऊन उभी आहे. मागून कुणीतरी ओरडतो, "सर, घोड्याच्या जागी बैल काऊन?" तुम्ही वर न पाहता म्हणता, "तुह्या बापाच्या तबेल्यातला घोडा आन, मंग ठेवू." हशा थांबल्यावर मी विचारते, "पन सर, तोफा तं बैलच ओढत होते नं? मंग थे खात काय होते?" तुमचा चुन्याचा हात थांबतो. "मले माईत नाई, बाई. तुले सापडलं तं येऊन सांगजो."

शिक्षकाला असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आता मीही इतिहास शिकवते, आणि वर्गात ते म्हणणं किती जड जातं ते मला कळतं.

गेल्या महिन्यात एक नवं पुस्तक आणलं. पानिपतावर आता नवं काय असणार, म्हणून परत ठेवणारच होते. पण हा लेखक सेनापतींना सोडून छावणीतल्या जनावरांमागे जातो. वैरण कुठून यायची, ती कशी संपत गेली, उपाशी बैलांकडून तोफा कशा हलल्या. लढाई तीच, शेवट तोच, पण मी ती बैलांच्या उंचीवरून पाहिली, मैदानात नंदी धरून बसल्यासारखी. आणि पुरावा नाही तिथे तो तसं सरळ लिहितो. तुम्हाला आवडला असता.

आपल्या सैन्याची फळी फुटली म्हणून हरलो, असं तुम्ही नेहमी सांगायचात. शेवटचं प्रकरण त्यावरच आहे. तुमचं चुकलेलं निघालं, तर तुम्ही मलाच त्या फळीची चुन्याची रेघ पुसायला लावली असती. मला मात्र पान उलटायचा धीर होत नाही. हे पत्र तिथेच खूण म्हणून ठेवते आहे.

उद्या: शेवटचं प्रकरण वाचणे.