डिमांड भरणार नाही!

१ नोव्हेंबर २०१७, बुधवार
डहाणूचा फ्लॅट ताब्यात. स्वतःचं पहिलं घर! फक्त लाईट नाही. बिल्डर म्हणतो, मीटर ज्याचा त्याने घ्यायचा. मयूरी म्हणाली, लाईट आली की येते, तोवर माहेरी घोलवडला. सासरे सदूभाऊ म्हणाले, वीज ऑफिसात आपली ओळख आहे, येऊ का सोबत? मी नम्रपणे नाही म्हटलं. घरातला कर्ता पुरुष आता मी. आठवड्यात मीटर लावून दाखवतो.

३ नोव्हेंबर
अर्ज दिला. खिडकीवरच्या मॅडमवर छाप पडली असावी. त्यांचं पेन मी खिशात टाकलं तेव्हा हसून परत मागितलं.
संकल्प: लाईटबिल कायम मुदतीच्या आत. फ्रिज बुक केला.

१० नोव्हेंबर, दुपारी
धक्का! मॅडमचा फोन. बिनदिक्कत म्हणाल्या, तुमची डिमांड निघालीय, येऊन भरा, मग मीटर लागेल. लाच, तीही फोनवर! उघड उघड! अहो, आमच्या लग्नातसुद्धा आमची काही डिमांड नव्हती. (बाईक सदूभाऊंनी प्रेमाने दिली.)
भरणार नाही.

१३ नोव्हेंबर
ऑफिसात जाऊन अख्ख्या रांगेसमोर ठणकावलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, मग मीटर नाही. काय हा निर्ढावलेपणा! मागचे एक आजोबा समजावत होते, अरे बाबा, पावती मिळते ना. म्हणजे आता याचीही पावती देतात!
मयूरीला फोनवर सगळं सांगितलं. तिचा ऊर भरून आला. तिने माहेरच्या अख्ख्या चिकूवाडीला सांगितलं, आमचे हे एकटे लढतायत.

१९ नोव्हेंबर
फ्लॅटचं वायरिंग केलेला चिमण वायरमन आला. म्हणाला, जतीनभाई, डिमांड तर समदेच भरतात, मी पण भरली. कीड कुठवर पोचलीय! त्याला चहा दिला नाही. तसाही गॅस कुठे आलाय.

२६ नोव्हेंबर
फ्रिज आला. सध्या त्यात पुस्तकं. फोन तारापूरला कंपनीत चार्ज करतो. डास फार. मयूरी विचारत होती, अजून किती दिवस? म्हटलं, लढा निर्णायक टप्प्यावर आहे. मेणबत्तीच्या उजेडात एकट्याने जेवताना तिची फार आठवण येते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

५ डिसेंबर
मयूरी मला न सांगता ऑफिसात गेली, लढ्यात साथ द्यायला. तिथून फोन केला. हसत सुटली ती ठसका लागेपर्यंत. मग जरा रडलीसुद्धा. म्हणाली, डिमांड म्हणजे कनेक्शनची रीतसर फी, अहो! खिडकीवर भरायची. तिने भरून टाकली.
महिनाभर बायकोला उगाच माहेरी ठेवलं. फार लाज वाटली.
तरी असं नाव ठेवायचं कशाला? चूक मुळात त्यांचीच.

९ डिसेंबर, शनिवार
मीटर लागला! मयूरी आली! थंडी असूनही तिने पंखा बंद करू दिला नाही. मी हात जोडले, बाबांना यातलं काही सांगू नकोस. तिने शपथ घेतली. गुणी बायको मिळाली.

१० डिसेंबर, रविवार
सदूभाऊ चिकूची पेटी घेऊन आले. मयूरीने शब्द पाळला. जरा जास्तच पाळला. म्हणाली, ह्यांच्या आवाजाने ऑफिस हादरलं, लोक घरी येऊन मीटर लावून गेले.
सदूभाऊंनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, वाडीतल्या मोटरचं कनेक्शन अडकलंय. असा वाघ जावई असताना ओळखी कशाला लावायच्या? उद्या सोबत चल आणि तिथे अगदी तसाच बोल. आजूबाजूच्या वाड्यांतले चारपाच जणही येणार आहेत, ऐकायला.
मयूरी स्वयंपाकघरात पळाली ती बराच वेळ बाहेर आली नाही.
आता माझ्या शर्टाला इस्त्री करतेय. नव्या लाईटवर.