जावयाचा शब्द

प्रिय दाजी,

फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला. सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार. माझ्या स्वतःच्या घरात मला चहा मिळेनासा झालाय. कपात येतं ते रंगाने चहासारखं, पण चवीला ओवा, दालचिनी आणि गवती चहा यांची भाऊबंदकी. साखर मागितली तर आमची पंकजा म्हणते, "दाजींनी साखरेला विष म्हटलंय, तुम्ही कोण लागून गेलात?" बायको नवऱ्याचं ऐकत नाही, नणंदेच्या नवऱ्याचं ऐकते. असो.

उगाच वाईट बोलणार नाही. खोकल्याला आलं-मध, घशाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जेवणाआधी हात धुणं, जेवल्यावर शतपावली, हे सगळं बरंच आहे. आई ते तुमच्या जन्माआधीपासून करते. फक्त तिने त्याचे व्हिडिओ काढले नाहीत. मला एवढंच विचारायचंय, की राहात्याच्या तुमच्या पेरूच्या बागेवर रोग पडला की तुम्ही दुकानातलं औषध आणून वेळच्या वेळी फवारता. झाडांना कधी काढा पाजल्याचं ऐकलं नाही. काढा फक्त सासूला?

दिवाळीला आलात तेव्हा आईच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट उचलून म्हणालात, "मामी, हे कशापायी खाता? उपाशीपोटी दुधीचा रस घ्या, लसूण चावा. गोळी आपोआप सुटंल." मग पान खाऊन गाडीला किक मारलीत. गोळी खरंच सुटली, दाजी. शिमग्याच्या आसपास आई चुलीपुढे कलंडली. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. नगरच्या डॉक्टरांनी तिला "गोळ्या कधी बंद केल्यात?" असं विचारलं, तर तिने डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला. घरी आल्यावर मला म्हणाली, "जावयाचा शब्द हाय, मोडायचा कसा?"

माझ्या बहिणीला, रुपालीला, आणि तुम्हाला आम्ही सांगितलं, आई न्हाणीत पाय घसरून पडली. आईनेच शपथ घातली होती, जावईबापूंच्या जीवाला लागंल म्हणून. त्यावर तुम्ही लगेच एरंडाच्या पानांचा लेप सुचवलात. मी दात आवळून "बरं" म्हणालो. ते "बरं" अजून दातांत अडकलंय.

आता हात थोडा उचलतो, जीभही वळते. पण काल पंकजाला आईच्या पदराच्या गाठीत गोळ्या सापडल्या. रोज आमच्यासमोर तोंडात टाकायची आणि पाठ वळली की काढून बांधून ठेवायची. ओरडलो, पाया पडलो. एकच उत्तर: "त्यांनी बंद केली, त्येच चालू करतील." मग दाजींना फोन लावतो म्हटलं, तर "खबरदार, जावयाला चुकलात म्हनायचं व्हय रे?" डॉक्टरांनी सांगितलंय, दुसरा झटका आला तर हातापायावर भागणार नाही.

म्हणून हे पत्र. शपथ मी मोडली. पाप लागलं तर निम्मं तुमच्याकडे धाडीन. धोंड्याचा महिना लागलाय आणि तुम्हाला आवतण लिहायला आईनेच मला बसवलंय. तिला वाटतंय मी पुरणाचे धोंडे, अनारसे, साजूक तूप असं लिहितोय. ते सगळं होईल, भाऊकीच्या पानात. तुमचं ताट मी वाढणार: तांब्याभर दुधीचा रस, कच्च्या लसणाचा गड्डा, भिजवलेली मेथी, कडुलिंबाची चटणी. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाने पानात टाकायचं नसतं. सासूच्या डोळ्यांदेखत, हसतमुखाने संपवायचं. पत्र मिळताच निघा. आणि पाटावर बसण्याआधी एक काम. मागच्या धोंड्याला तुमचं चांदीच्या वाटीचं वाण आमच्याकडून राहून गेलं होतं. वाटी आणली आहे. तिच्यात आईची गोळी असेल. तुमच्या हाताने द्या, तुमच्या तोंडाने सांगा, आणि तिने गिळेपर्यंत समोरून हलू नका. मग वाटी धुऊन, पुसून, मीच तुमच्या पिशवीत ठेवीन.

तुमचाच मेहुणा,
कल्याण