माश्या उठून जाऊ नयेत म्हणून

काका, मी अजूनही तुमचं ऐकत नाही. काल परत मधमाश्यांच्या पेट्या उघडल्या. अकरा आहेत आता, आणि यंदाही एकीतल्यासुद्धा माश्या उठून गेल्या नाहीत. पोळ्याच्या फ्रेमच्या खालच्या कडेला नव्या राण्यांची घरं दिसायला लागली की मी जुन्या राणीला चार फ्रेम देऊन शेजारच्या रिकाम्या पेटीत बसवते. तिला वाटतं, आपण निघून आलो. तुम्ही हसला असता. "घर भरलं की म्हातारी जानारच. जाऊ दे की तिला," हे तुमचं ठरलेलं. का जाऊ द्यायचं? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

केडगावात शाळेच्या बागेचे तुम्ही माळी, मी तिथल्या मास्तरांची इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी. लढाईचे दिवस, साखर रेशनवर, आणि अख्ख्या बागेत मधाची ती एकच पेटी. मी पुस्तकातलं वाचून सांगायचे, नव्या राण्यांची घरं कापली की माश्या जात नाहीत. "तुज्या पुस्तकातल्या माश्या इंग्रजीत बोलत्यात व्हय गं?" म्हणून तुम्ही खुरपणाऱ्या बायकांसमोर माझी टर उडवलीत. तेव्हाच ठरवलं, आता करूनच दाखवते.

तुम्ही नगरच्या बाजाराला गेला आहात. मी पेटी उघडते. भुईमुगाच्या शेंगांसारखी सात घरं लटकतायत, सातही कापते. माश्या कमी वाटतात, पण करडई फुललीय, तिकडे गेल्या असतील. सुरी धुवायला विहिरीवर जाते.

दुपारी तुम्ही आलात. मी ऐटीत सातही घरं दाखवली. तुम्ही पेटी उघडलीत आणि एकेक फ्रेम उचलून पाहिलीत. "आदी म्हातारी घरात हाय का बघायचं, मंग सुरी लावायची. ती गेली, आन् मागं जन्मनाऱ्या समद्या तू कापल्या." मग म्हणालात, "लांब गेली नसंल. माश्यांचा घोस घावला तर झटकून परत पेटीत घालू, समदं वाचंल. मला लांबचं दिसत न्हाई. पोरी, तू बघ झाडांवर." मी विहिरीपर्यंत जाऊन आले आणि नाही म्हणाले. महिन्याभरात पेटी रिकामी झाली. तुम्ही परत पेटी आणली नाहीत, आणि पुढच्या वर्षी वारलात.

मी सोडलं नाही, काका. पुस्तक चुकलं नव्हतं. माश्या थांबवता येतात, हे मी आजही तुमच्या तोंडावर म्हटलं असतं.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. विहिरीवरच्या बाभळीला त्या लटकल्या होत्या. माझा हात पुरला असता. पण दिसल्या म्हणाले असते, तर तुम्ही जिंकला असता.